सुडाआधीची दहा वर्षे

मे १९८९ मधील एका रात्री इंग्लंडच्या क्रॉली गावात किरणजीत अहलुवालिया या पंजाबी स्त्रीने झोपलेल्या नवऱ्याच्या बिछान्याला आग लावली आणि काही दिवसांनी तो मरण पावला. त्या संध्याकाळी त्याने तिच्याकडे पैसे मागितले होते, घोटे मोडण्याची धमकी दिली होती आणि तापलेली इस्त्री तिच्या चेहऱ्याला लावली होती. मग तो झोपला. ती जागीच राहिली आणि आग लागली ती त्यानंतर काही तासांनी. त्यांच्या लग्नाला तेव्हा दहा वर्षे होत आली होती, दोन लहान मुलगे होते आणि मारझोड लग्नानंतर लगेचच सुरू झालेली होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यायालयाने तिला खुनाबद्दल दोषी ठरवून जन्मठेप दिली, कारण न्यायालयासमोरचा मुख्य प्रश्न त्या दहा वर्षांचा नव्हताच. तो त्या काही तासांचा होता: राग आला होता, तर ती थांबली का?

नवऱ्याच्या छळाचा आणि बायकोने उगवलेल्या सुडाचा विषय चित्रपटात येतो तेव्हा बहुतेक चर्चा ‘तिने केले ते बरोबर की चूक’ या एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते. माझ्या मते त्याआधी एक साधी गोष्ट समजून घ्यायला हवी, ती म्हणजे काळाचे गणित. छळ वर्षानुवर्षे चालतो, चित्रपट दोन-अडीच तासांत संपतो आणि कायदा शेवटच्या काही मिनिटांकडे पाहतो. पडद्यावरची सूड घेणारी स्त्री या तीन घड्याळांच्या मधे उभी असते आणि दिग्दर्शकाने त्यांपैकी कोणते घड्याळ मानले, त्यावर ती आपल्याला नायिका वाटते, वेडी वाटते की खुनी वाटते हे ठरते.

कायद्याचे घड्याळ आधी पाहू. इंग्लंडमध्ये १९४९ साली एका खटल्यात न्यायाधीशांनी चिथावणीची जी व्याख्या सांगितली, तिच्यात ‘अचानक आणि तात्पुरता सुटलेला स्वतःवरचा ताबा’ हा गाभा होता. कोणी असह्य चिथावणी दिली, त्याच क्षणी माणसाचा तोल गेला आणि त्याच्या हातून मरण घडले, तर तो खून न मानता कमी गंभीर गुन्हा मानावा, असे हे तत्त्व आहे. त्यात माणुसकी आहे, हे नाकारता येत नाही. परंतु या तत्त्वाच्या मनात जे चित्र आहे ते साधारण सारख्या ताकदीच्या दोन पुरुषांच्या भांडणाचे आहे: शब्दाला शब्द वाढतो, हात उचलला जातो आणि जवळ असेल ती वस्तू हातात येते. ज्या स्त्रीला दहा वर्षांच्या अनुभवाने ठाऊक आहे की नवरा जागा असताना प्रतिकार केला तर मार दुप्पट बसतो, ती त्या क्षणी उलटून वार करूच शकत नाही. ती तो झोपण्याची, पिऊन पडण्याची किंवा घराबाहेर जाण्याची वाट पाहते. तिच्यासाठी हे थांबणे जीव वाचवण्याची एकमेव रीत असते, पण कायद्याला त्यात थंड डोक्याने आखलेला बेत दिसतो.

आपल्याकडचा कायदाही याच साच्यातला आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०० मधील पहिल्या अपवादात ‘गंभीर आणि अचानक’ झालेल्या चिथावणीची अट होती. तिची सर्वात प्रसिद्ध कसोटी मुंबईतच लागली. एप्रिल १९५९ मध्ये नौदल अधिकारी कावस नानावटी यांना पत्नीने आपल्या परपुरुषाशी असलेल्या संबंधांची कबुली दिली. त्यांनी पत्नी-मुलांना मेट्रो चित्रपटगृहात सोडले, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतले आणि त्या पुरुषाच्या घरी जाऊन त्याला गोळ्या घातल्या. ज्यूरीने, म्हणजे निवाड्यासाठी बसवलेल्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने, आठ विरुद्ध एक अशा मतांनी त्यांना निर्दोष म्हटले, पण उच्च न्यायालयाने दिलेली जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये कायम ठेवली, कारण कबुली आणि गोळीबार यांच्यामध्ये सुमारे तीन तास गेले होते आणि तेवढ्या वेळात राग शांत होऊ शकत होता. त्याच निकालात न्यायालयाने आणखी एक गोष्ट नोंदवली, जिच्याकडे लोकांचे लक्ष फारसे गेले नाही: मरण पावलेल्या व्यक्तीच्या आधीच्या वागण्यामुळे आरोपीच्या मनाची जी पार्श्वभूमी तयार झालेली असते, तीही विचारात घेता येईल. छळ सोसलेल्या स्त्रीच्या बाजूने पुढे झालेल्या युक्तिवादांना या एका वाक्याचा मोठा आधार मिळाला.

आता तिचे घड्याळ. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी १९७९ मध्ये मार खाणाऱ्या अनेक स्त्रियांशी बोलून छळाचे एक चक्र मांडले. आधी घरातला ताण वाढत जातो, मग मारहाणीचा स्फोट होतो आणि नंतर माफी, अश्रू, भेटवस्तू, वचने यांचा गोड काळ येतो. तो ओसरला की ताण पुन्हा साठू लागतो. प्रत्येक घरात हे चक्र असेच फिरते असे नाही आणि या मांडणीवर पुढे टीकाही झाली, पण ‘ती सोडून का गेली नाही’ या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर या तिसऱ्या टप्प्यात आहे. जो माणूस काल मारत होता तोच आज पाय धरतो आहे, आणि तिने लग्न केले होते ते या दुसऱ्या माणसाशी. उरलेले उत्तर पैसा, मुले, राहायला जागा नसणे आणि ‘संसार मोडू नकोस’ असे सांगणारे माहेर यांत आहे. शिवाय घर सोडण्याचा काळ हाच पुष्कळदा सर्वात धोक्याचा असतो, कारण ताबा निसटतो आहे हे लक्षात आलेला नवरा त्याच वेळी सर्वात हिंस्र होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित किंवा कधीकाळी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. याच सर्वेक्षणात, हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ सुमारे १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे तरी मदत मागितल्याचे दिसले. पडद्यावर आपण पाहतो ती कथा या मदत न मागितलेल्या प्रचंड शांततेतून बाहेर आलेल्या एखाद्याच स्त्रीची असते.

किरणजीतच्या खटल्यातील एक कागद मला कोणत्याही चित्रपटातील प्रसंगापेक्षा जास्त बोलका वाटतो. नवरा घर सोडून गेला होता तेव्हा त्याने परत यावे म्हणून तिने मोडक्या इंग्रजीत एक पत्र लिहिले होते. तू परत आलास तर मी काळी कॉफी पिणार नाही, हिरवी मिरची खाणार नाही, दर आठवड्याला गावात जाणार नाही, केस रंगवणार नाही, शेजाऱ्यांकडे जाणार नाही, तुला आवडत नसेल तर हसणारसुद्धा नाही, अशी वचने तिने त्यात दिली होती. या पत्रात मारहाणीचा एक शब्द नाही, तरीही छळ म्हणजे काय हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याला तेवढे पत्र पुरेसे आहे. हिरवी मिरची खाण्याचीही परवानगी घ्यावी लागणे, ही अवस्था एका रात्रीत येत नाही. ती रोज थोडीथोडी घडवली जाते.

चित्रपटाला नेमके हेच दाखवणे सर्वात अवघड जाते. थप्पड दिसते, रक्त दिसते, पण रोजची भीती कॅमेऱ्यात पकडायची कशी? १९९१ च्या ‘स्लीपिंग विथ द एनिमी’ या अमेरिकी चित्रपटाने त्यावर एक विलक्षण उत्तर शोधले होते. ज्युलिया रॉबर्ट्सने साकारलेल्या नायिकेच्या घरी न्हाणीघरातील टॉवेल एका रेषेत टांगलेले असावे लागतात आणि कपाटातले डबे शिस्तीत उभे असावे लागतात. एखादा टॉवेल तिरका राहिला तर नवऱ्याच्या नजरेतून तो सुटत नाही. बुडून मेल्याचे सोंग करून ती दूरच्या गावी नव्याने राहू लागते आणि एके दिवशी तिथले टॉवेल तिला पुन्हा तसेच सरळ टांगलेले दिसतात. ना हाणामारी, ना आरडाओरडा, तरी प्रेक्षकाला घाम फुटतो. अशा वागण्याला ‘धाकात ठेवणारे नियंत्रण’ हे नाव अभ्यासकांनी रूढ केले ते नंतर, आणि इंग्लंडमध्ये त्याला स्वतंत्र गुन्हा ठरवणारा कायदा व्हायला २०१५ साल उजाडावे लागले.

याच चित्रपटाचा शेवट मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. नवरा समोर उभा असताना ती पोलिसांना फोन लावते, आपण घरात घुसलेल्या एका माणसाला ठार मारले आहे असे सांगते आणि मग गोळी झाडते. बहुतेक प्रेक्षकांना तो टाळ्यांचा क्षण वाटतो, मला मात्र त्यात कायद्यावरचे अत्यंत अचूक भाष्य दिसते. घरात शिरलेल्या चोरापासून स्वतःचा बचाव करणारी व्यक्ती कायद्याला लगेच कळते. हल्लेखोर बाहेरून येतो, हल्ला एकदाच होतो आणि प्रतिकारही त्याच क्षणी होतो. ज्याच्या हाती घराची किल्लीच आहे तो हल्लेखोर कायद्याला पटकन कळत नाही. म्हणून तिला आधी नवऱ्याला परका माणूस करावे लागते आणि त्यानंतरच ती त्याच्यापासून स्वतःचा बचाव करू शकते.

हिंदीत हीच कथा दोनच वर्षांत तीन वेळा आली: १९९५ मध्ये ‘याराना’ आणि १९९६ मध्ये ‘दरार’ व ‘अग्निसाक्षी’. ‘अग्निसाक्षी’तील छळणाऱ्या नवऱ्याच्या भूमिकेसाठी नाना पाटेकर यांना सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो अभिनय खरोखर त्या तोलाचा आहे. पण या प्रकारच्या कथेतली अडचणही तिथेच दिसते. अभिनेता जितका प्रभावी, तितका प्रेक्षक त्याच्या वेदनेकडे आणि त्याच्या वेडाकडे ओढला जातो, आणि मनीषा कोईरालाने साकारलेल्या त्या स्त्रीच्या वाट्याला बहुतांशी घाबरणेच उरते. नवऱ्याला विकृत किंवा मनोरुग्ण दाखवले की प्रेक्षक निश्चिंत होतो, कारण असा माणूस आपल्या घरात, आपल्या इमारतीत नसतो असे त्याला मानता येते. प्रत्यक्षात असे नवरे कचेरीत हसूनखेळून वागतात आणि शेजाऱ्यांच्या अडीअडचणीला धावून जातात. ‘तो तसा वाटत नाही हो’ हे वाक्य अशा प्रत्येक घटनेनंतर ऐकू येते.

आपल्या मराठी प्रेक्षकाचा या विषयाशी असलेला संबंध मात्र सुडापासून सुरू झालेला नाही. १९९१ साली विजय कोंडके यांच्या ‘माहेरची साडी’ने महाराष्ट्रभर अफाट गर्दी खेचली आणि अलका कुबल घराघरांत पोहोचल्या. त्यातली सून सगळे निमूटपणे सोसते. त्या चित्रपटाला रडलेल्या बायकांना नावे ठेवणे मला योग्य वाटत नाही, कारण अनेकींना चारचौघांत, अंधारात बसून, स्वतःच्याच सासरसाठी रडण्याची मुभा त्या तीन तासांत मिळाली असणार. तरीही एक गोष्ट स्पष्ट आहे: त्या कथेत सोसणे हाच सद्गुण आहे आणि सोसणारीच देवता आहे. सुडाचा चित्रपट याच्या अगदी उलट टोकाला असल्यासारखा वाटतो, पण दोन्हींमधला धागा एकच आहे. दोन्ही ठिकाणी स्त्रीला मधली अवस्था मिळत नाही. तक्रार नोंदवणारी, तडजोडीला नकार देणारी, भाड्याची खोली शोधणारी, मुलांची शाळा बदलणारी स्त्री दोन्ही प्रकारच्या कथांत सापडत नाही.

१९८८ च्या ‘खून भरी माँग’मध्ये रेखाने साकारलेली नायिका शस्त्रक्रियेने चेहरा बदलून परत येते आणि तिला मगरींच्या तोंडी देणारा नवरा अखेरीस मगरींच्याच तोंडी जातो. हा सूड पाहायला समाधान देतो, परंतु तो छळाविषयीचा चित्रपट नाही. तिथला नवरा संपत्तीसाठी एकदाच घात करतो. रोज थोडेथोडे मारत नाही. इथे एक पद्धतही लक्षात घेण्याजोगी आहे: शेवटचे काम पटकथाकार मगरींवर सोपवतो, आणि ती सवय पुढेही टिकली.

खऱ्या खटल्यांवरचे चित्रपट ही पळवाट घेऊ शकत नाहीत. अमेरिकेत १९८४ मध्ये ‘द बर्निंग बेड’ हा चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखवला गेला आणि फॅरा फॉसेट या अभिनेत्रीच्या त्यातील भूमिकेने तिथल्या घराघरांत या विषयावर बोलणे सुरू झाले. मिशिगन राज्यातील फ्रान्सिन ह्यूज हिने १९७७ मध्ये अनेक वर्षांच्या मारहाणीनंतर झोपलेल्या माजी नवऱ्याच्या खोलीला आग लावली होती. ज्यूरीने तिला निर्दोष सोडले, पण ‘तात्पुरते वेड’ या कारणावर. निकाल तिच्या बाजूने लागला आणि तरीही त्यात एक खोच राहिली: तिची सुटका व्हायची असेल तर ती शहाणी नव्हती असे म्हणणे भाग होते. ज्या परिस्थितीत कोणाही शहाण्या माणसाला दुसरा मार्ग दिसला नसता, ती परिस्थिती बाजूला पडली आणि तपासणी तिच्या डोक्याची झाली.

किरणजीतच्या बाबतीतही असेच घडले. पहिल्या खटल्यात तिने साक्षच दिली नव्हती, तिचे इंग्रजी तोकडे होते आणि दहा वर्षांच्या छळाचा इतिहास ज्यूरीसमोर नीट आलाच नव्हता. ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ या लंडनमधील आशियाई आणि कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटनेने हे प्रकरण हाती घेतले, रस्त्यावर आणि न्यायालयात लढवले, आणि जुलै १९९२ मध्ये अपील न्यायालयाने तिची शिक्षा रद्द करून फेरसुनावणीचा आदेश दिला. सप्टेंबरमध्ये खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाची, म्हणजे त्याहून कमी गंभीर गुन्ह्याची, कबुली मान्य झाली आणि तुरुंगात काढलेला काळ हीच शिक्षा धरून तिला सोडण्यात आले. परंतु अपील जिंकले ते तिच्या नैराश्याच्या, म्हणजे मानसिक स्थितीमुळे जबाबदारी घटल्याच्या मुद्द्यावर. चिथावणीबाबत न्यायालय अर्धेच पाऊल पुढे आले: मध्ये वेळ गेला एवढ्यावरून चिथावणीचा बचाव आपोआप बाद होत नाही, पण वेळ जितका जास्त तितका तो टिकणे कठीण, असे न्यायालयाने म्हटले.

जगमोहन मुंदडा यांनी २००६ मध्ये या प्रकरणावर ‘प्रोव्होक्ड’ हा चित्रपट केला. त्यात ऐश्वर्या राय किरणजीतच्या, नवीन अँड्र्यूज नवऱ्याच्या आणि नंदिता दास संघटनेतल्या कार्यकर्तीच्या भूमिकेत आहेत. चित्रपट म्हणून तो काही ठिकाणी सपाट आहे, पण त्याने केलेली एक निवड मला फार मोलाची वाटते. सुडाच्या चित्रपटात आग हा शेवट असतो, इथे ती सुरुवात आहे. आधीचा छळ आठवणींच्या तुकड्यांतून येतो आणि पडद्यावरचा बराचसा वेळ तुरुंगात जातो, जिथे या स्त्रीला अनेक वर्षांनी मारहाणीची भीती न बाळगता झोपता येते. या कथेला सूड म्हणावे का, हाही प्रश्नच आहे. आपल्याला किती दुखते ते त्याला कळावे असे वाटत होते, असे किरणजीतने सांगितले आहे. आणि त्याचे पाय भाजले तर तो आपल्यामागे धावू शकणार नाही, असे वाटल्याचेही तिनेच सांगितले आहे. पहिले वाक्य सुडाचे आहे, दुसरे पळून जाण्याचे आहे आणि दोन्ही एकाच स्त्रीच्या मनात एकाच रात्री होती. चित्रपटांना सहसा यांतले एकच वाक्य हवे असते.

२०२२ च्या ‘डार्लिंग्स’ या जसमीत रीन यांच्या चित्रपटाने दोन्ही वाक्ये एकत्र ठेवण्याचा प्रयत्न केला, आणि तोही भायखळ्यातल्या एका चाळीत, जिथे भिंतीपलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू येतो आणि तरी कोणी दार ठोठावत नाही. आलिया भट्टच्या बद्रूचा नवरा हमझा रात्री मारतो आणि सकाळी लाडीगोडी लावतो. जेवणात लागलेला खडासुद्धा त्याला निमित्त म्हणून पुरतो. वॉकर यांच्या चक्रातला तो तिसरा टप्पा हिंदी पडद्यावर इतक्या नेमकेपणाने क्वचितच आला असेल. प्रकरण पोलिसांपर्यंत जाते तेव्हा बद्रूच माघार घेते, कारण आता तो बदलेल असे तिला मनापासून वाटते. पुढे गर्भपातानंतर ती त्याला घरात बांधून ठेवते आणि त्याने जे केले ते त्याला परत करू लागते. प्रदर्शनाच्या सुमारास या चित्रपटात पुरुषांवरील हिंसा साजरी केली आहे असा आरोप झाला आणि त्यावर बहिष्काराची हाकही दिली गेली. ज्यांना तो भाग पाहून खरोखर अस्वस्थ वाटले त्यांच्या अस्वस्थतेला मी खोटे म्हणणार नाही. मात्र आधीच्या तासाभरात तोच मार बद्रूला बसत असताना ती अस्वस्थता कुठे होती, हे प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावे, कारण चित्रपटाची रचना नेमकी हाच प्रश्न विचारण्यासाठी केलेली आहे. अखेरीस बद्रू त्याला मारत नाही, त्याला सोडून देते. आणि तो रेल्वेखाली येतो. मगरींच्या जागी गाडी आली, नियतीने नायिकेचे हात वाचवले आणि एवढ्या धीट चित्रपटालाही तिथे कच खावी लागली याचे मला वाईट वाटते.

‘थप्पड’ने २०२० मध्ये सूड पूर्णपणे बाजूला ठेवला होता. तिथली नायिका एका थपडेनंतर घटस्फोट मागते आणि सगळे जण ‘एकच तर मारली’ असे म्हणत राहतात. दहा वर्षांचे चक्र पहिल्याच फेरीला थांबवणारी ती स्त्री आहे, आणि शिकलेली, सुस्थितीतली, पाठीशी उभे राहणारे वडील लाभलेली असल्यामुळे तिला ते जमते.

मधली अवस्था कायद्याने बऱ्याच प्रमाणात उपलब्ध करून दिली आहे, हे इथे सांगायला हवे. १९८३ मध्ये दंड संहितेत आलेल्या कलम ४९८अ ने नवऱ्याचा व सासरच्यांचा क्रूरपणा हा गुन्हा ठरवला. ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेल्या कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायद्याने शारीरिक छळाबरोबर लैंगिक, शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळालाही हिंसा मानले, संरक्षण अधिकाऱ्याची तरतूद केली आणि सर्वात मोठे म्हणजे घर तिच्या नावावर नसले तरी त्या घरात राहण्याचा हक्क तिला दिला. घराची किल्ली कोणाच्या हातात, या प्रश्नाला दिलेले ते उत्तर आहे.

जिने हे सारे मार्ग बंद झाल्यावर हात उचलला, तिच्याबाबत काही न्यायालयांनी वाट थोडी रुंद केली. मद्रास उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये दीर्घकाळ साचत गेलेली चिथावणीही विचारात घेण्याजोगी मानली आणि गुवाहाटी उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दारुड्या नवऱ्याचा मार खाणाऱ्या एका स्त्रीची खुनाची शिक्षा सदोष मनुष्यवधावर आणताना मारझोड सोसलेल्या स्त्रीच्या मनोवस्थेचा आधार घेतला. इंग्लंडने तर ऑक्टोबर २०१० पासून चिथावणीचा जुना बचावच रद्द केला आणि त्याच्या जागी आणलेल्या नव्या बचावात, ताबा अचानक सुटलेला असण्याची गरज नाही असे कायद्यातच लिहिले. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि खुनाची व्याख्या कलम ३०० मधून कलम १०१ मध्ये गेली. पहिल्या अपवादातील ‘अचानक’ हा शब्द तिथे तसाच आहे.